तारा, टी आणि फाळक्यावरची अक्षरं : छोट्या ट्रकचा काळ कसा ओळखावा?

आमच्या अभ्यास मंडळाने पुणे–बंगळूर रस्त्याचा बेळगाव परिसरातला एक देखावा करायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात कमी चर्चा ट्रकवर झाली. नाका कुठे, वडाची झाडं किती, खानावळीचा फलक कुठल्या लिपीत, यावर दोन बैठका गेल्या. ट्रक काय, बाजारात मिळतील ते आणून उभे करू, असं ठरलं. मग एकेकाने आपल्या घरातले, मुलाबाळांचे, परदेशातून नातेवाइकांनी आणलेले छोटे ट्रक आणून टेबलावर मांडले आणि खरी पंचाईत झाली. देखावा १९५५ सालचा. टेबलावर मात्र १९३५ पासून २००५ पर्यंतचे ट्रक एका रांगेत उभे!

घरांच्या बाबतीत आपण चोखंदळ असतो. पेशवाईच्या देखाव्यात कुणी मंगलोरी कौलं घातली, तर लगेच टोकतो. ट्रकच्या बाबतीत मात्र "जुना दिसतोय की" एवढ्यावर भागतं. खरं तर ट्रक हा काळाचा फार प्रामाणिक साक्षीदार आहे. त्याची जाळी, त्याचं नाक, त्याची पाटी आणि त्याच्यावर रंगवलेली अक्षरं यांतली बहुतेक प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या करारामुळे, कायद्यामुळे किंवा सरकारी हुकमामुळे बदललेली आहे, आणि या गोष्टींच्या तारखा नोंदलेल्या असतात. म्हणून गेले काही महिने मी या एकाच कामाला लागलो. त्यातून हाती आलेलं इथे मांडतो. आपल्यापैकी कुणी शाळेसाठी, संग्रहालयासाठी किंवा घरच्या रेल्वे मॉडेलसाठी असा देखावा करणार असेल, तर उपयोगी पडेल.

पहिला नियम : सगळ्यात नवी खूण मोजायची

ट्रकवर दहा खुणा असतात. नऊ जुन्या आणि एक नवी असेल, तर काळ त्या एका नव्या खुणेचा. कारण १९५० सालची जाळी १९७५ साली रस्त्यावर दिसू शकते, जुने ट्रक वीस-पंचवीस वर्षं सहज पळतात. पण १९७५ साली सुरू झालेली गोष्ट १९५० साली दिसू शकत नाही. नाण्यांचा अभ्यास करणारे हेच करतात. हंड्यात सापडलेलं सगळ्यात उशिराचं नाणं हंडा पुरल्याचा काळ सांगतं.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. एखादी खूण *नाही* म्हणून काही सिद्ध होत नाही. रंगाऱ्याने ती रंगवलीच नसेल, मॉडेल बनवणाऱ्याने सोडून दिली असेल. असलेली खूण पुरावा, नसलेली खूण फार तर संशय.

तिसरी गोष्ट आपल्याकडचीच आहे. युरोपात ट्रक कारखान्यातून केबिनसकट बाहेर पडायचा. आपल्याकडे बरेचदा नुसती चेसिस यायची, म्हणजे इंजिन, चाकं आणि पुढचा दर्शनी भाग. केबिन आणि हौदा गावातला बॉडी बांधणारा सुतार आणि लोहार मिळून करायचे. त्यामुळे एकाच ट्रकचे दोन वाढदिवस असतात, एक चेसिसचा आणि एक बॉडीचा. जुन्या चेसिसवर तिसऱ्यांदा बॉडी चढवलेले ट्रक आपण सगळ्यांनी बघितलेले आहेत. काळ ठरवताना कुठल्या भागाबद्दल बोलतोय, हे आधी स्पष्ट करायला हवं.

युगं कशी पाडावीत?

युरोपातल्या रेल्वे मॉडेलवाल्यांनी काळाचे तुकडे पाडून त्यांना क्रमांक दिलेत. तिसरं युग म्हणजे साधारण महायुद्धानंतरपासून १९७० पर्यंत, चौथं युग त्यानंतर १९९० पर्यंत, असं. खोक्यावर रोमन आकडा छापलेला असतो. गिऱ्हाइकाने तो बघून इंजिन, डबे, मोटारी एकमेकांना जुळवायच्या. सोय चांगली आहे, पण ती त्यांच्या इतिहासावर बेतलेली. जर्मनीची फाळणी आणि एकीकरण ही त्यांच्या युगांची कुंपणं. आपल्या रस्त्यावरच्या ट्रकला ती लावून चालणार नाहीत. म्हणून आपल्यापुरती मी पाच पर्वं पाडली.

पहिलं पर्व : जोडणीचे ट्रक (१९२८ ते महायुद्ध)

जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला मोटारी जोडायचा कारखाना सुरू केला. सुटे भाग जहाजाने यायचे, इथे जोडले जायचे. शेव्हरोलेट ट्रक आपल्या भागात जुन्या माणसांच्या तोंडी "शेवरलेट" म्हणून राहिला तो या काळापासून. ओळखायची खूण म्हणजे उभी अरुंद जाळी, मडगार्डपासून सुटे उभे दिवे आणि लांब नाक. इंजिन पेट्रोलचं. या पर्वाचे छोटे ट्रक इंग्लंड-अमेरिकेतल्या कंपन्यांचे पुष्कळ मिळतात आणि ते चालतातही. फक्त स्टिअरिंग उजवीकडे आहे का, तेवढं बघून घ्यायचं. अमेरिकन मॉडेलात ते डावीकडे असतं.

दुसरं पर्व : डिस्पोजल आणि कुर्ला (१९४५ ते १९५४)

महायुद्ध संपलं आणि लष्कराने हजारो गाड्या विकायला काढल्या. "डिस्पोजलचा ट्रक" हा शब्दप्रयोग आपल्याकडे तेव्हा रुळला. चपट्या, आखूड, रागीट चेहऱ्याचे कॅनडात बनलेले फोर्ड आणि शेव्हरोलेट, अमेरिकन डॉज आणि जीएमसी या गाड्या मुलकी मालकांच्या हाती आल्या. हिरवा रंग खरवडून निळा किंवा तांबडा दिला की झाला मालट्रक. लष्करी मॉडेल बनवणाऱ्या कंपन्या हे सगळे प्रकार १:७२ आणि १:३५ या प्रमाणांत विकतात. तेव्हा १९५० च्या आसपासचा देखावा करणाऱ्याने खेळण्यांच्या दुकानापेक्षा लष्करी मॉडेलांचं दुकान गाठावं आणि ट्रक मुलकी रंगात रंगवावा.

याच काळात वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात क्रायस्लरच्या गाड्या जोडायला घेतल्या होत्या. कंपनी १९४४ ची, गाड्या बाहेर पडू लागल्या १९४७ पासून. इथली गंमत अशी की एकच ट्रक डॉज, फार्गो आणि डीसोटो अशा तीन नावांनी विकला जायचा. बदलायचं ते नाव आणि जाळीवरची थोडी नक्षी. त्यामुळे "आमचा फार्गो होता, डॉज नव्हे" हा दोन म्हाताऱ्यांमधला वाद मॉडेल करणाऱ्याने फार मनावर घेऊ नये.

हे पर्व संपलं ते सरकारी निर्णयाने. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवलं की नुसती जोडणी करणाऱ्यांनी भाग इथे बनवायची योजना द्यावी, नाहीतर गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघांनीही १९५४ च्या सुमाराला जोडणी बंद केली. म्हणजे १९६० नंतरच्या नव्याकोऱ्या शेव्हरोलेट मालट्रकचं मॉडेल आपल्या रस्त्यावर ठेवायचं असेल, तर दहा वेळा विचार करावा.

तिसरं पर्व : तारा (१९५४ ते १९६९)

हे सगळ्यात सोपं पर्व, आणि चुका सगळ्यात जास्त इथेच होतात.

टेल्को ही कंपनी १९४५ साली जमशेदपूरला निघाली ती रेल्वे इंजिनांसाठी. १९५४ मध्ये तिने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी पहिला टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडला. गोल लांब नाक, फुगीर मडगार्ड, आणि जाळीवर गोलातला तीन टोकांचा तारा. आमच्या भागात त्याला नुसतं "मर्शिडी" म्हणायचे. इंजिन सहा सिलिंडरचं आणि डिझेलचं. पेट्रोलच्या ट्रकच्या मानाने इंधनाचा खर्च कमी, म्हणून मालकांनी कर्ज काढून ते घेतले आणि रस्त्याचा आवाजच बदलला.

करार १९६९ ला संपला. तारा गेला, त्याच्या जागी गोलातला "टी" आला. नाक बराच काळ तेच राहिलं, इंजिनही त्याच घराण्यातलं. म्हणून लांबून बघणाऱ्याला दोन्ही ट्रक एकच वाटतात. पण बिल्ला बघितला की काळ कळतो. तारा असेल तर चेसिस १९५४ ते १९६९ मधली. टी असेल तर १९६९ नंतरची. आपल्या देशात बनलेल्या ट्रकचा काळ सांगणारी इतकी स्पष्ट खूण दुसरी नाही.

याच पर्वात मद्रासकडचा पाहुणाही आला. अशोक मोटर्स ही कंपनी १९४८ ची, सुरुवात ऑस्टिन मोटारींपासून. इंग्लंडच्या लेलँडशी करार झाल्यावर १९५१ पासून तिने कॉमेट ट्रक जोडायला घेतले, आणि १९५५ मध्ये लेलँडचं भांडवल आल्यावर नाव झालं अशोक लेलँड. म्हणून मॉडेलच्या डब्यावर किंवा देखाव्याच्या पाटीवर "अशोक लेलँड, १९५२" असं लिहिलेलं दिसलं, तर नाव दुरुस्त करायला हवं. डिंकी कंपनीने इंग्लंडमध्ये १९४९ मध्ये लेलँड कॉमेटचं खेळणं काढलं होतं. आपल्याकडच्या पहिल्या कॉमेटशी त्याचा चेहरा जुळतो. जुन्या बाजारात ते फार महाग जातं, पण त्याच्या अलीकडे निघालेल्या नकला मिळतात.

लष्करी ट्रकबद्दल दोन ओळी. शक्तिमान हा जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने जबलपूरला १९५९ पासून बनू लागला. डिसेंबर १९६१ च्या गोवा मुक्तीच्या देखाव्यात तो काळाच्या दृष्टीने बसतो. पण शाळांच्या प्रदर्शनांत बहुधा दिसतो तो चौकोनी केबिनचा स्टॅलियन. तो १९९० च्या दशकातला. मेजर जनरल कँडेथ यांच्या सैन्याला तीस-पस्तीस वर्षांनी बनलेला ट्रक द्यायचा, म्हणजे जरा जास्तच झालं.

चौथं पर्व : टी आणि परमिट (१९६९ ते १९८६)

या काळातला ट्रक नाकापेक्षा अक्षरांवरून जास्त ओळखता येतो.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालट्रकचे दोन वर्ग केले होते. भाड्याने दुसऱ्याचा माल नेणारा तो पब्लिक कॅरिअर, स्वतःच्या धंद्याचा माल नेणारा तो प्रायव्हेट कॅरिअर. टपावरच्या फळीवर हे लिहिलेलं असायचं. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि हा भेद गेला. तरीही रंगारी सवयीने "पब्लिक कॅरिअर" लिहीत राहिले, आजही लिहितात. म्हणून या अक्षरांवरून वरची मर्यादा धरता येत नाही.

"नॅशनल परमिट" किंवा "एन. पी." ही अक्षरं मात्र पक्की आहेत. ती योजना १९७५ ची. त्याआधी राज्य ओलांडायचं म्हणजे दुसऱ्या राज्याची प्रतिसही घ्यावी लागायची. १९६५ च्या ट्रकवर एन. पी. रंगवलं, तर तो ट्रक दहा वर्षं पुढे धावला म्हणायचं.

कुटुंब नियोजनाचा उलटा लाल त्रिकोण १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनचा. त्याच्या आधीच्या ट्रकवर देवाचं नाव, मालकाचं आडनाव, फार तर कमळ आणि मोर.

पाचवं पर्व : छोटे भाऊ (१९८६ पासून पुढे)

१९८० च्या दशकाच्या मध्याला जपानी कंपन्यांच्या भागीदारीतले हलके ट्रक आले : स्वराज माझदा, डीसीएम टोयोटा, आयशर मित्सुबिशी, ऑल्विन निसान. त्यांना उत्तर म्हणून टाटांनी १९८६ मध्ये ४०७ काढला. भाजी मंडईचा देखावा करणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावं. बेळगावची भाजी चोर्ला घाटाने गोव्याला नेणारा ४०७ सगळ्यांच्या डोळ्यांत इतका बसलाय, की १९७० च्या देखाव्यातही तो आपसूक घुसतो. तसाच टाटा एस, म्हणजे आपला "छोटा हत्ती". तो २००५ चा. टेल्कोचं नाव टाटा मोटर्स झालं २००३ मध्ये.

पाटी सांगते राज्य

आता आपल्या मर्मावरचा विषय. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. हा दिवस आपल्याकडे कसा पाळला जातो, ते वाचकांना सांगायला नको. ट्रकच्या पाटीवर हा बदल दोन अक्षरांत दिसतो. मुंबई राज्याच्या पाट्या "बी" ने सुरू व्हायच्या, म्हैसूरच्या "एम. वाय." ने. त्यामुळे बेळगावच्या मालकाच्या ट्रकवर एम. वाय. रंगवलेलं असेल, तर ते दृश्य नोव्हेंबर १९५६ च्या नंतरचंच. उलट जुन्या नोंदणीचे ट्रक पुढेही काही काळ फिरत असणार, म्हणून "बी" दिसलं की "१९५६ च्या आधी" असा हुकमी निकाल देऊ नये. तिथेही पहिला नियमच लागू.

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० चं. त्यामुळे कोल्हापूर-सांगलीकडून येणाऱ्या ट्रकवर "एम. एच." ने सुरू होणारी जुनी तीन अक्षरी मालिका दिसते ती त्यानंतर. १ जुलै १९८९ पासून आजची पद्धत आली, राज्याची दोन अक्षरं आणि कार्यालयाचा क्रमांक : के. ए. २२ म्हणजे बेळगाव, एम. एच. ०९ म्हणजे कोल्हापूर. म्हैसूरचं नाव कर्नाटक झालं १ नोव्हेंबर १९७३ ला, आणि बेळगावचं अधिकृत बेळगावी झालं १ नोव्हेंबर २०१४ ला. दुकानाच्या पाट्या, मैलाचे दगड आणि ट्रकच्या दारावरचा पत्ता या तारखांशी ताडून बघावा.

हे सगळं बारीक वाटेल. पण सीमाभागात पाटीवरचं एक अक्षर ही बारीक गोष्ट कधीच नव्हती.

अनमोडच्या पलीकडे

गोव्याचा देखावा असेल तर आणखी दोन पथ्यं. पहिलं म्हणजे वाहतूक. पोर्तुगालने १९२८ मध्ये वाहनं उजव्या बाजूने चालवायला सुरुवात केली, पण गोव्यात डावी बाजूच कायम राहिली. शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान, दुसरं करणार काय? त्यामुळे "पोर्तुगीज राजवट होती, म्हणून ट्रक उजव्या बाजूला" हा तर्क चुकीचा.

दुसरं पथ्य नाकेबंदीचं. १९५५ मध्ये भारताने गोव्याशी व्यापार आणि ये-जा बंद केली. त्याच दशकात डिचोली-सांगे भागातल्या खाणींमधून लोखंडाचं खनिज जोरात निघत होतं. ट्रकने ते नदीकाठच्या धक्क्यापर्यंत, तिथून बार्जने मांडवी-झुआरीतून मुरगावला, आणि तिथून परदेशी, असा प्रवास. या ट्रकना भारतात बनलेला नवा टाटा-मर्सिडीज कुठून मिळणार? १९५८ च्या डिचोलीच्या देखाव्यात परदेशी बनावटीचाच ट्रक शोभेल. १९६१ नंतर मात्र चित्र पालटतं, आणि पाट्यांवर गोवा, दमण, दीवचं "जी. डी." येतं. गोवा १९८७ मध्ये राज्य झालं आणि १९८९ पासून "जी. ए." आलं.

प्रमाणाचा हिशेब

काळ जुळला तरी माप जुळलं नाही, तर देखावा फसतो. सात मीटर लांबीचा ट्रक १:४३ मध्ये सव्वासोळा सेंटिमीटर होतो, १:७६ मध्ये सव्वानऊ, आणि १:८७ मध्ये आठ. साडेपाच फुटांचा ड्रायव्हर १:४३ मध्ये जवळजवळ चार सेंटिमीटरचा, १:८७ मध्ये दोनाहूनही कमी. खेळण्यातल्या ट्रकवर बरेचदा प्रमाण लिहिलेलंच नसतं, आणि असलं तरी ते खोक्याच्या मापाने ठरवलेलं असतं. यावर उपाय सोपा आहे. चाकाचा व्यास मोजावा. मोठ्या मालट्रकचं चाक टायरसकट साधारण एक मीटरचं असतं. मॉडेलचं चाक साडेअकरा मिलिमीटर भरलं, तर प्रमाण १:८७ च्या जवळपास आहे, हे समजायला दुसरं काही लागत नाही.

जर्मन कंपन्यांची १:८७ मॉडेलं आपल्या "तारा" पर्वाला फार उपयोगी पडतात, कारण मूळ ट्रक जर्मनच. पण तिथला ट्रक तसाच ठेवून भागत नाही. स्टिअरिंग उजवीकडे आणायचं, कारखान्याची पत्र्याची केबिन काढून लाकडी केबिन करायची, टपावर सामान ठेवायचं कठडं, मागे साखळीने लटकणारा फाळका, बाजूला पाण्याचा डबा. मगच तो आपला होतो. देखाव्यात रेल्वे फाटक असेल तर रुळांकडेही बघा. आपली मिरज–लोंढा लाइन १९९० च्या दशकापर्यंत मीटरगेज होती. १:८७ मध्ये मीटरगेजसाठी बारा मिलिमीटरचा रूळ लागतो. बाजारात सर्रास मिळतो तो साडेसोळाचा, आणि तो आपल्या मीटरगेजचाही नव्हे, ब्रॉडगेजचाही नव्हे.

एका लाकडी ट्रकची गोष्ट

आता ज्या ट्रकमुळे मी इतका खोलात शिरलो, त्याबद्दल.

देखाव्यासाठी आलेल्या वस्तूंत एक सागवानी ट्रक होता. लांबी पस्तीस सेंटिमीटर, म्हणजे साधारण १:२०. नाक पत्र्याचं ठोकलेलं, जाळी तारेची, फाळका बिजागरीवर उघडणारा. काम इतकं निगुतीचं की बघणाऱ्याने हात लावल्याशिवाय पुढे जाऊ नये. घरच्यांनी त्याला चिठ्ठी लावली होती : "आजोबांचा ट्रक, १९५५." आजोबांनी त्या वर्षी गोवा सत्याग्रहींचा शिधा आणि सामान सीमेजवळ पोचवलं होतं, अशी घरातली आठवण. हा ट्रक त्यांच्या बॉडी बांधणाऱ्या सुताराने त्यांना करून दिलेला.

नियमाप्रमाणे खुणा मांडल्या. पाटीवर एम. वाय. : १९५६ नंतर. फाळक्यावर लाल त्रिकोण : १९६० च्या दशकाचा उत्तरार्ध. जाळीवर तारेतून वळवलेला टी : १९६९ नंतर. सगळ्यात नवी खूण टी. म्हणजे हा ट्रक १९५५ चा नाही.

हे त्यांच्या नातवाला सांगितलं तेव्हा तो गप्प झाला आणि मग म्हणाला, "मग आमचे आजोबा खोटं सांगत होते काय, सर?"

या प्रश्नापाशीच आपल्या कामाची कसोटी लागते. काळ चुकला म्हणून वस्तू बाद करणं सोपं आहे. काळ चुकला तरी घरच्यांचं मन राखायला चिठ्ठी तशीच ठेवणं त्याहून सोपं. दोन्ही बरोबर नाही. ट्रक १९५५ चा नसल्याने आजोबांची आठवण खोटी ठरत नाही. एवढंच ठरतं की मॉडेल आठवणीच्या नंतर केव्हातरी बनलं. त्यांच्या आत्या भेटल्या. त्यांचं लग्न १९७६ चं, आणि लग्नाच्या आधीपासून हा ट्रक घरात शोकेसमध्ये होता, हे त्यांना पक्कं आठवतं. म्हणजे मॉडेल १९६९ ते १९७६ मधलं. सुताराने मालकाच्या आठवणीतला ट्रक केला नाही. त्याच्या दारात तेव्हा बॉडीसाठी उभा असलेला ट्रक केला. कारागीर डोळ्यांसमोरचंच करतो.

मग १९५५ चा ट्रक कोणता? आत्यांना त्यांच्या वडिलांकडून ऐकलेल्या दोन गोष्टी सांगता आल्या. गाडी "पेट्रोल फार खायची" आणि सकाळी पुढून हँडल मारून चालू करावी लागायची. हँडलवरून काही ठरत नाही, पण पेट्रोलवरून टाटा-मर्सिडीज बाद होतो. राहिले डिस्पोजलचे ट्रक आणि शिवडी-कुर्ल्याहून आलेले शेव्हरोलेट, डॉज, फार्गो. म्हणजे दुसरं पर्व. आणि १९५५ ला ते अगदी चपखल बसतं. ज्या खुणांनी चिठ्ठी खोडली, त्याच पद्धतीने आठवणीला आधार मिळाला. सत्याग्रहाच्या खेपेचा कागद काही हाती नाही, म्हणून ती आम्ही "घरची आठवण" म्हणूनच लिहिली. पण गाडीचं वर्णन त्या सालाशी जुळतं, हेही लिहिलं.

आता देखाव्यात दोन ट्रक आहेत. रस्त्यावर १:४३ मधला निळा रंगवलेला शेव्हरोलेट, "बी" पाटीचा. आणि बाजूला काचेत तो सागवानी ट्रक, नव्या चिठ्ठीसह : "बेळगावच्या बॉडी कारागिराने केलेला टाटा ट्रक, अंदाजे १९६९ ते १९७६. मालकाच्या १९५५ च्या आठवणीसाठी." नातवाने चिठ्ठी वाचली आणि "आत्याचं नावही घाला की, तारीख तिनं सांगितली," म्हणाला. ते घातलं.

माझ्या मते दोहोंतली जास्त मोलाची वस्तू सागवानी ट्रकच. शेव्हरोलेट कुठेही विकत मिळेल. पण आपल्या गावातल्या बॉडी बांधणाऱ्यांच्या हातची केबिन कशी असायची, फळ्या कशा बसवायच्या, कुठला रंग कुठे द्यायचे, याचा तो बारकाईने केलेला नमुना आहे. हे कारागीर नकाशे काढत नव्हते, आणि त्यांनी बांधलेले ट्रक केव्हाच भंगारात गेले. १९५५ ची चिठ्ठी तशीच राहिली असती, तर तो चुकीच्या काळातला ट्रक म्हणून आज ना उद्या कुणीतरी अडगळीत टाकला असता.

वाचकांना विनंती

घरात ट्रकचा जुना फोटो असेल, तर त्यात जाळीवरचा बिल्ला, पाटीची पहिली दोन अक्षरं आणि टपावरची फळी एवढं भिंगातून बघा आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. जुनं आरसी बुक असेल तर फेकू नका. त्यात चेसिसचं साल असतं, आणि मालकी बदलल्याच्या नोंदींतून अख्ख्या धंद्याची वंशावळ निघते. बॉडी बांधण्याच्या कामातली जुनी माणसं ओळखीची असतील, तर त्यांच्याशी बसून बोला. विशेषतः १९५६ च्या आधीच्या "बी" पाटीचा बेळगावचा ट्रक दिसणारा एखादा स्वच्छ फोटो कुणाकडे असेल, तर मंडळाला त्याची प्रत जरूर हवी आहे. आमच्या निळ्या शेव्हरोलेटच्या पाटीवर सध्या पहिलं अक्षर तेवढं रंगवलंय. पुढची जागा मोकळी ठेवली आहे.